मुक्कामाच्या बंदराकडून उलट मोजा

छोट्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरायचं तर दिवसाला किती अंतर जायचं हे शेवटी ठरवावं. आधी ठरवायचं ते मुक्कामाच्या बंदराच्या तोंडाशी किती वाजता पोचायचं, आणि तिथून उलट मोजत यायचं. आठ-नऊ मीटरच्या शिडाच्या बोटीचा वेग 5 नॉट, म्हणजे तासाला 5 सागरी मैल, धरला तर 20 सागरी मैलांना चार तास लागतात. समोरून दीड नॉटचा प्रवाह आला की त्याच अंतराला पावणेसहा तास. म्हणून 25 मैलांपेक्षा मोठा टप्पा आखू नये, असं माझं ठाम मत आहे. दुपारी तीनपर्यंत आत शिरलं की नीट बघून जागा निवडता येते, आणि ती पसंत पडली नाही तर उजेड आहे तोवर दुसरीकडे जाता येतं.

खाडीच्या मुखाशी वाळू साचून उथळ झालं असेल तर तिथे ओहोटीत शिरू नका. आतलं पाणी जोरात बाहेर येत असतं, समुद्राच्या लाटा आत येत असतात. दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड, उभ्या होतात आणि फुटतात. बाहेरून येणाऱ्याला फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते, त्यामुळे वाट आहे त्यापेक्षा सोपी वाटते. भरतीचे शेवटचे दीड-दोन तास शिरायला उत्तम. पाणी चढत असतं, त्यामुळे बूड टेकलंच तरी बोट थोड्या वेळात सुटते. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, पूर्ण भरतीला टेकली तर मात्र पंचाईत, कारण पुढच्या भरत्या दिवसेंदिवस कमी होत जातात आणि तेवढं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागू शकतो.

बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, रंगही निघण्याआधी नकाशावर बघून ठेवा. उत्तर-दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये समुद्रातून आत येताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात, बाकी बहुतेक जगात डाव्या हाताला.

आता नांगर. रात्रीची झोप यावर अवलंबून, म्हणून इथे घाई नको. सोडायची साखळी आत्ताच्या खोलीवरून मोजायची नसते. समजा आत्ता 3 मीटर पाणी आहे, भरतीला आणखी 2 मीटर चढणार आहे आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. हिशेब 6 मीटरचा झाला. सगळी साखळीच असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर; थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, 42 मीटर. ओढ आडवी राहिली तरच नांगर तळात रुततो. साखळी कमी पडली की नाळेबरोबर नांगराचा दांडा वर उचलला जातो आणि नांगर सुटतो.

वाऱ्याला तोंड करून बोट पूर्ण थांबवा. नांगर हाताने तळाला टेकवा, बोट मागे सरकू लागली की साखळी हळूहळू सोडत जा. एकदम सोडली तर नांगरावर तिचा ढीग पडतो, एखादा वेढा फाळात अडकतो, मग रुतायचं नावच नाही. ठरलेली लांबी गेली की बांधा आणि इंजिन हळूहळू उलट्या गतीला न्या. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एकामागे एक असलेल्या, बोटीच्या बाजूला आडव्या दिशेने निवडा: एखादा खांब आणि त्यामागचं छप्पर. उलटी ओढ चालू असताना त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर नांगर बसला. साखळीवर हात ठेवला तर सरकणारा नांगर थरथरत, धक्के देत असल्याचं कळतं. पाणगवत असेल तर नांगर वर घ्या, साफ करा आणि वाळूच्या फिक्या पट्ट्यावर पुन्हा टाका. अंधार पडला की चौफेर दिसणारा पांढरा दिवा लावायचाच.

धक्क्याला बांधायची वेळ आली तर नाळेचा आणि मागचा दोर लांब ठेवा, भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट. आखूड दोरावर ओहोटीत बोट टांगली जाते. पाणी सर्वांत वेगाने उतरतं ते ओहोटीच्या साधारण सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत: एकूण फरक 3.6 मीटर असेल तर त्यातले 1.8 मीटर एवढ्यातच.

जेवणाचा बेत आधीपासून पक्का करू नये. मासेमारी बोटी कधी लागतात ते बंदरावर विचारा आणि त्या वेळेला जा. जे ताजं आलं असेल तेच घ्या. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, अंग दाबलं की खळगा लगेच भरून येणारं, वास समुद्राचा. पोट साफ करून माशाच्या वजनाइतक्याच फोडलेल्या बर्फात थरांनी ठेवा आणि पेटीचं वितळलेलं पाणी काढत राहा. त्या पाण्यात बुडालेला मासा लवकर बिघडतो. खायला बाहेर जाणार असाल तर लिलावाच्या जागेजवळ, मच्छीमार स्वतः जेवतात तिथे जा आणि आज काय आलंय एवढंच विचारा.

शिंपल्या मात्र बंदरातून स्वतः वेचून खाऊ नका. त्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्यातले जंतू आणि विषारी शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं, आणि ते विष उकळूनही जात नाही. विकत घेताना उघडी शिंपली टिचकी मारून बघा. मिटली नाही तर टाकून द्या.

स्वयंपाक आटोपला की गॅस शेगडीवर नव्हे, सिलिंडरवर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, आणि सकाळी इंजिन सुरू करताना पडलेली एक ठिणगी त्याला पुरते.