तुम्ही विचारलंत म्हणून: जिंजरचं नाव नंतर का?

१९३० च्या दशकातल्या हॉलिवूड संगीतपटांत एकत्र नाचणारे फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी हे विचारतंच: "तो जे जे करायचा ते सगळं तिनंही केलं, आणि तेही उलट्या पावलांनी, उंच टाचांच्या चपला घालून. मग नाव कायम त्याचंच आधी का? तो थोर कलावंत आणि ती नुसती जोडीदार, असं का?" मी कथक शिकवते आणि जुन्या हॉलिवूड संगीतपटांचा मला नाद आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे शिष्यांकडून येतो, त्यांच्या आयांकडून येतो, कार्यक्रमानंतर भेटायला आलेल्या अनोळखी लोकांकडूनही येतो. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

उलट्या पावलांचं आणि टाचांचं ते वाक्य या दोघांच्या काळातलं नाहीच. बॉब थेव्ह्ज या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या ‘फ्रँक अँड अर्नेस्ट’ या मालिकेत ते १९८२ साली आलं. तोवर त्यांचा शेवटचा एकत्र सिनेमा येऊन तेहेतीस वर्षं झाली होती. बायकांच्या न मोजलेल्या कष्टांविषयी त्या वाक्यात जे आहे ते खरं आहे, म्हणून ते इतकं पसरलं. तरीही मला वाटतं, कौतुक करता करता ते जिंजरचं काम लहान करून टाकतं. तिनं "तेच" केलं, असं ते म्हणतं. तिनं तेच केलं नव्हतं.

आधी नावाचा मुद्दा. दोघं पहिल्यांदा एकत्र आले ते १९३३ च्या ‘फ्लाइंग डाउन टु रिओ’मध्ये. त्याच्या श्रेयनामावलीत जिंजरचं नाव चौथं आहे आणि फ्रेडचं पाचवं! ती तोपर्यंत वीसेक सिनेमे केलेली मुलगी होती. टेक्सासमध्ये किशोरवयात चार्ल्स्टन नाचाची स्पर्धा जिंकून ती व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या फिरत्या कार्यक्रमांच्या, दौऱ्यांवर निघाली, मग न्यूयॉर्कची ब्रॉडवे रंगभूमी, मग हॉलिवूड. फ्रेडच्या गाठीशी त्याआधी एका सिनेमातली छोटी भूमिका होती. रंगभूमीवर मात्र तो मोठा तारा होता. लहानपणापासून बहीण अ‍ॅडेलबरोबर नाचत आलेला. १९३२ साली अ‍ॅडेलनं एका इंग्लिश सरदारपुत्राशी लग्न करून रंगमंच सोडला, तेव्हा फ्रेडला पुन्हा कुणाच्या जोडीत अडकायचंच नव्हतं. आपल्या एजंटला त्यानं तसं कळवलंही होतं. पण आरकेओ स्टुडिओ आर्थिक डबघाईला आला होता, मंदीचा काळ होता, आणि ‘रिओ’मधल्या ‘कॅरिओका’ या नाचात कपाळाला कपाळ लावून नाचणाऱ्या या दोघांनाच लोकांनी उचलून धरलं. १९३९ पर्यंत आरकेओनं त्यांचे नऊ सिनेमे काढले.

फ्रेडचं नाव वर गेलं त्याचं कारण तो पुरुष होता हे आहेच. जिंजरला त्याच्यापेक्षा कमी पैसे मिळायचे आणि त्यावरून ती स्टुडिओशी भांडलीही. पण तेवढंच कारण नाही. ते नाच तो रचत होता. चित्रीकरणाच्या कितीतरी आठवडे आधी फ्रेड, नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन आणि पियानोवादक हॅल बोर्न रिकाम्या खोलीत बसायचे आणि एकेक पाऊल घडवायचे. जिंजर तेव्हा बहुधा दुसऱ्या सिनेमाच्या सेटवर असायची, म्हणून तिच्या जागी पॅन नाचायचा. ती आली की तोच तिला तिची बाजू शिकवायचा. चित्रीकरणानंतर टॅपचे, म्हणजे बुटांना धातूच्या पट्ट्या लावून जमिनीवर ताल वाजवण्याच्या नाचाचे, आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करायचे, तेव्हा जिंजरच्या पावलांचे आवाजही पुष्कळदा पॅनच्याच पायांचे असायचे.

कॅमेऱ्याचा हट्टही फ्रेडचाच. त्या काळात नाच दाखवताना मध्येच नुसते पाय, मध्येच प्रेक्षकांचे चेहरे, वरून दिसणाऱ्या पन्नास मुलींच्या रांगोळ्या, असं सगळं चालायचं. फ्रेडनं ते मोडून काढलं. नर्तक डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसला पाहिजे, नाच कमीत कमी तुकड्यांत घेतला पाहिजे, कॅमेऱ्यानं आपल्याबरोबर चालावं पण लुडबुड करू नये. आज रिअ‍ॅलिटी शोमध्ये दर दोन सेकंदांनी कट होणारा नाच बघताना माझा जीव वर-खाली होतो. समेवर आलेलं पाऊल दिसतच नाही, दिसतो परीक्षकाचा उघडा पडलेला जबडा. फ्रेडनं नव्वद वर्षांपूर्वी काय मिळवलं होतं ते अशा वेळी कळतं.

तेव्हा "दोघांत नर्तक म्हणून मोठं कोण" असं विचाराल तर उत्तर फ्रेड. मला यात शंका नाही, आणि हे म्हटल्यानं जिंजरचा अपमान होतो असंही वाटत नाही.

आता तिच्याकडे येते. कथकमध्ये आम्ही नृत्त, म्हणजे नुसता ताल-लयीचा नाच, वेगळं शिकवतो आणि अभिनय वेगळा. तोडे, तत्कार, चक्कर यांत तयारी दिसते. ठुमरीवर बसून भाव सांगताना मात्र नुसत्या तयारीचा उपयोग नसतो. फ्रेडचं नृत्त असं आहे की डोळ्यांचं पारणं फिटतं. पण या सिनेमांत दर नाचात एक गोष्ट घडायची असते. नाच सुरू होतो तेव्हा ती त्याची नसते, संपतो तेव्हा असते. ती गोष्ट घडते तिच्यात. तो सुरुवातीपासून तिच्या प्रेमातच असतो, त्याला बदलायचं काही नसतं. बदलायचं तिनं, आणि तेही पावलं न चुकवता, संवादाशिवाय, कॅमेरा जवळ येणार नाही हे माहीत असताना.

‘टॉप हॅट’ (१९३५) मधला पावसातला नाच घ्या. लंडनमधली बाग, आडोशाला एक बँडस्टँड. तो ‘इझन्ट धिस अ लव्हली डे’ हे अर्व्हिंग बर्लिनचं गाणं गातो आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली. त्याला तिचा चेहरा दिसत नाही, आपल्याला दिसतो. ती ऐकतेय, ऐकत नसल्याचं दाखवतेय, मध्येच विरघळतेय. मग तो खिशात हात घालून शीळ वाजवत चालू लागतो आणि ती उठून त्याच्या मागे, त्याच्याच चालीची नक्कल करत. तो एक तुकडा टाकतो, ती तो परत करते. तो अवघड करतो, ती तसाच परतवते आणि वर एक नजर टाकते. वीज कडाडते, लय दुप्पट होते, दोघं गरगरत सुटतात आणि शेवटी बसून हस्तांदोलन करतात! मिठी नाही, चुंबन नाही. त्यातला ‘जमलं बुवा’ हा आनंद मी कुठल्याही प्रेमप्रसंगात पाहिलेला नाही. आणि या नाचात जिंजर घोडेस्वारीच्या पोशाखात आहे. विजार घातलेली, बराच वेळ त्याच्या बरोबरीनं, त्याच दिशेला तोंड करून नाचणारी. उलटी पावलं आणि उंच टाचा इथे शोधूनही सापडायच्या नाहीत.

त्याच सिनेमातलं ‘चीक टु चीक’ सगळ्यांना त्या पिसांच्या झग्यासाठी आठवतं. शहामृगाची पिसं लावलेला तो झगा जिंजरनं हट्टानं घातला. तालमीत पिसं उडून फ्रेडच्या नाकातोंडात गेली, तो भडकला, पिसं पुन्हा पक्की शिवावी लागली, आणि पडद्यावर तरीही एखाददुसरं तरंगताना दिसतं. नंतर फ्रेडनं तिला सोन्याचं छोटं पीस भेट देऊन समेट केला. किस्सा गोड आहे, पण त्यापायी खरी गोष्ट नजरेआड होते. कथेत तिची समजूत झालेली असते की हा माणूस आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे. आणि ती मैत्रीण समोर बसून खुणावतेय, नाचा की, जवळ या! म्हणजे जिंजरला एकाच वेळी ओढ, अपराधीपणा आणि भांबावलेपण घेऊन नाचायचंय. ती मागे झुकते तेव्हा शरीर शरण गेलेलं असतं, पण चेहऱ्यावर त्या शरण जाण्याची भीती असते. शेवटी भिंतीला टेकून ती त्याच्याकडे बघते, त्या बघण्यावर पुढचा अर्धा सिनेमा चालतो. कथानकं बाळबोध आहेत अशी तक्रार मी नेहमी ऐकते. आहेतच. गैरसमज, तोतया, पुन्हा गैरसमज. पण त्या पोकळ गैरसमजांत जिंजर खरी भावना भरते, म्हणून ते सिनेमे उभे राहतात.

‘द गे डिव्होर्सी’ (१९३४) मधलं ‘नाइट अँड डे’ याच्याही आधीचं. ती निघून जायला बघते, तो वाट अडवतो, ती त्याला ढकलते, तो पुन्हा ओढून घेतो. हे आज बघताना पहिल्या मिनिटाला मी अस्वस्थ होते, ते लपवत नाही. पण तिचा विरोध कसा सैल होत जातो ते ती पाठीच्या कण्यातून दाखवते. नाच संपल्यावर ती बाकावर बसते, भान हरपल्यासारखी, आणि तो तिला सिगारेट देऊ करतो. फ्रेडच्या सिनेमांत चुंबनं का नाहीत, असं लोक विचारतात. या नाचानंतर चुंबनाला शिल्लक काय राहतं?

माझं म्हणणं पटत नसेल तर ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०’ मधला ‘बिगिन द बिगीन’ बघा. तिथे फ्रेडबरोबर एलिनॉर पॉवेल आहे. टॅपमध्ये ती जिंजरच्या कितीतरी पुढे, आणि माझ्या मते काही ठिकाणी फ्रेडलाही घाम फोडणारी. काळ्या चकचकीत जमिनीवर दोघांची जी लयकारी चालते ती बघून मी दर वेळी थक्क होते. पण त्या दोघांचं पुढे काय होणार ही उत्सुकता मला एकदाही वाटलेली नाही. दोन अव्वल कलावंत एकमेकांची तयारी जोखत आहेत, एवढंच.

आणि कष्ट? ते तिनं उपसलेच. ‘स्विंग टाइम’ (१९३६) मधल्या ‘नेव्हर गॉना डान्स’चे चाळीसहून जास्त टेक झाले, रात्र उलटून गेली आणि जिंजरच्या पायांतून रक्त आलं. आम्हा घुंगरू बांधणाऱ्यांना हे ऐकून अंगावर काटा येतो, कारण सोललेल्या पायांनी ताल धरणं काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण मला त्याहून मोठं हे वाटतं की पडद्यावर दिसणाऱ्या त्या नाचात वेदना आहे ती निरोपाची. ती दुसऱ्याशी लग्न करणार असते. दोघं आधी नुसते चालतात. मग आधीच्या नाचांतल्या पावलांच्या आठवणी येतात, जिने चढून वर जातात, गिरक्यांचा झंझावात होतो आणि ती चौकटीबाहेर निघून जाते. तो एकटा उरतो.

याच सिनेमात ‘पिक युवरसेल्फ अप’ आहे, आणि कुठून सुरुवात करू असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तोच नाच दाखवते. ती नृत्यशाळेतली शिक्षिका, तो न येण्याचं सोंग करणारा विद्यार्थी, त्याच्यामुळे तिची नोकरी जाते. मग तिनं आपल्याला किती शिकवलं हे मालकाला दाखवायला तो तिला घेऊन नाचायला लागतो. रागावलेली, मग चकित, मग खुशीनं वेडी झालेली जिंजर, हे सगळं दोनेक मिनिटांत. शिक्षिका म्हणून सांगते, विद्यार्थी अचानक आपल्या बरोबरीनं उभा राहतो तेव्हा चेहरा अगदी असाच होतो.

ती नंतर स्वतंत्र वाटेनं गेली. ‘किटी फॉयल’मधल्या अभिनयासाठी तिला १९४१ मध्ये ऑस्कर मिळालं. १९४९ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या ‘द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे’साठी जूडी गार्लंडच्या जागी तिला बोलावलं, आणि दहा वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, या वेळी रंगीत. ‘शॅल वी डान्स’ (१९३७) मध्ये फ्रेडनं तिच्यासाठी ‘दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी’ हे गर्श्विन बंधूंचं गाणं बोटीवर नुसतं म्हटलं होतं, त्यावर दोघांचा नाच नव्हता. तो नाच या सिनेमात झाला. पुढल्याच वर्षी अकादमीनं फ्रेडला मानद ऑस्कर दिलं, आणि ते त्याच्या हाती दिलं जिंजरनं.

आता नावांचाच हिशेब करायचा तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण ‘स्विंग टाइम’ बघाल तेव्हा ती समोर येणारच. त्यात ‘बोजँगल्स ऑफ हार्लेम’ हा नाच आहे. फ्रेडनं तोंडाला काळा रंग फासून बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन या कृष्णवर्णीय टॅप नर्तकाला दिलेली ती मानवंदना. हेतू आदराचा असेल, पण काळा रंग फासून नाचणं ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याची जुनी रीत होती, आणि ती बघताना माझ्या पोटात गोळा येतो. त्यात फ्रेडची शैली तर जॉन बबल्स या दुसऱ्याच कृष्णवर्णीय टॅप नर्तकाच्या लयीच्या जवळ जाणारी आहे. टॅप ही कलाच मुळात कृष्णवर्णीय नर्तकांच्या पायांतून वाढली. जिंजरचं नाव निदान दुसरं तरी आलं. या कृष्णवर्णीय मंडळींचे नाच मात्र कथेपासून सुटे ठेवले जायचे, म्हणजे अमेरिकेच्या वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या थिएटरवाल्यांना ते सहज कापून टाकता यावेत. नायक-नायिकेचा मान त्या स्टुडिओंनी त्यांच्या वाट्याला जवळजवळ येऊच दिला नाही.

म्हणून ‘स्विंग टाइम’ बघून झाला की तिथेच थांबू नका. १९४३ चे दोन सिनेमे मिळवा. ‘केबिन इन द स्काय’मध्ये जॉन बबल्स आहे, आणि ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये खुद्द बिल रॉबिन्सन, शिवाय जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत उतरणारे निकोलस बंधू.