तीन वर्षांच्या पोराला सण कसला कळणार?

लहान मुलांसाठी ज्यू सणांचे वर्ग आम्ही घेतो. ते कशाला आणि कसे, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहोत. हा प्रश्न आम्हाला दोन बाजूंनी येतो. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतल्या आजी-आजोबांचा सूर असा असतो: "आम्हाला कुणी वर्ग घेऊन शिकवलं होतं? मशिदीत जायचो, बघून बघून शिकलो. तीन वर्षांच्या पोराला सण कसला कळणार?" (सिनेगॉगला आमची जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात. नवख्या माणसाचा त्यावर हमखास गोंधळ उडतो.) आणि शेजारीपाजारी विचारतात की ज्यू लोकांच्या इतक्या लहान मुलांसाठी सणांचे वर्ग असतात म्हणे, तर त्यात तुम्ही नक्की करता तरी काय?

आजी-आजोबांचं निम्मं बरोबर आहे. त्या वयात ज्यूंची मिसरमधली गुलामगिरी कळत नाही, मक्काबी या ज्यू योद्ध्यांची लढाई तर नाहीच नाही. पण आधी काय आणि मग काय, हे पोराला पक्कं कळतं. आपण चुकलो तर तेच आपल्याला पकडतं. शुक्रवारची संध्याकाळ घ्या: दिवा, मग डोळ्यांवर हात, मग गाणं, मग गोड सरबत, मग पाव. आम्ही शिकवतो तो एवढाच क्रम. अर्थ मागाहून येतो, त्याची आम्हाला घाई नाही.

राहिलं 'बघून शिकलो'. बघायला माणसं लागतात. भारतात आज ज्यू जेमतेम चार-पाच हजार, बहुतेक मुंबई-ठाण्यात आणि तेही पांगलेले. इस्राएलमध्ये बालवाडीतच दर शुक्रवारी शब्बाथचं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत होतं. एक मूल 'शब्बाथची आई' होतं, दुसरं 'शब्बाथचे बाबा'. घरी कुणी काही केलं नाही तरी तिथल्या मुलाच्या कानावरून ते दर आठवड्याला जातं. आपल्याकडे ती सोय नाही. एका वयाची दहा मुलंही मिळत नाहीत, म्हणून वर्ग मिश्र, दीड ते पाच वर्षांचा.

वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा, त्याहून एक मिनिट जास्त नाही. नमस्काराचं गाणं, प्रत्येकाचं नाव घेऊन, छोटी गोष्ट, पाच-सात मिनिटांत संपणारी, मग हातकाम, याला सगळ्यांत जास्त वेळ, मग खाणं, मग निरोपाचं गाणं. सण बदलतो, ही साखळी बदलत नाही. खाण्याचे डबे शेवटपर्यंत झाकून आणि नजरेआड ठेवायचे. एकदा का डबा दिसला की गोष्ट संपली. प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस सतरंजीवर बसलंच पाहिजे. मागे खुर्च्या मांडल्या की पालक तिथे बसून गप्पा मारतात आणि दहाव्या मिनिटाला पोरंही तिकडे पळतात. शिवाय ज्या आईबाबांनी वर्गात गाणं म्हटलं नाही, ते घरी म्हणणार कुठून?

वार रविवार. लोक म्हणतात, शब्बाथचा वर्ग शुक्रवारी संध्याकाळी का नाही? दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे असतात. मुंबईत डिसेंबरात ही वेळ पावणेसहाच्या सुमारास येते, जूनमध्ये सातच्या आसपास. त्या वेळी लोकल गाठून लहान पोरासकट कोण येणार, आणि परत घरी कसं जाणार? शनिवारी सकाळी वर्ग घेतला तर कातर, डिंक, रंग सगळंच बंद, कारण शब्बाथला ही कामं करत नाहीत. म्हणून रविवारी तालीम करायची आणि शुक्रवारी घरी खरं.

तालमीला मेणबत्त्या लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळीच्या. बॅटरीवरचे दिवे आम्ही वापरत नाही, कितीही गोजिरे असोत. त्यातला बटणासारखा सेल पोराच्या तोंडात गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सरबत काळ्या मनुकांचं, आपल्या घरांत किद्दुशला, म्हणजे शब्बाथला पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, असतं तेच: पाव किलो मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, गार झाल्यावर मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळायच्या. दुकानातल्या द्राक्षरसापेक्षा हे पोरांना जास्त आवडतं. फक्त अख्खी मनुका किंवा अख्खं द्राक्ष चार वर्षांच्या आत द्यायचं नाही. द्राक्ष उभं चिरून द्यायचं.

हाल्ला, म्हणजे शब्बाथचा वेणीसारखा पाव, कोकणातल्या जुन्या घरांत नव्हता. तो बाहेरून आला, पण मुलांच्या हातांना त्याच्याइतकं चांगलं काम नाही. बारा मुलांसाठी अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम सुकं यीस्ट, 50 ग्रॅम साखर, 50 मिली तेल, एक अंडं, 8 ग्रॅम मीठ आणि साधारण 200 मिली कोमट पाणी. दूध घालायचं नाही, नाहीतर तो पाव मटणाच्या जेवणाबरोबर चालणार नाही (दूध आणि मांस आपण एकत्र खात नाही). पीठ घरून मळून, एकदा फुगवून आणायचं. वर्गात फुगवत बसलात तर वेळ तिथेच संपला. प्रत्येकाला सत्तर ग्रॅमचा गोळा. तिपेडी वेणी तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही आणि मग ती आई घालते, मूल बघत बसतं. त्यापेक्षा एकच दोरी लांब वळायची आणि तिची गाठ मारायची किंवा चकलीसारखी गुंडाळायची. हाताला तेल लावा, पीठ नको. पिठाची वाटी पुढे ठेवली की पोरं मूठमूठ पीठ ओततात आणि भाजल्यावर पाव दगड होतो. 180 अंशांवर वीसेक मिनिटं. मोठी मुलं असतील तर धर्माच्या नियमाप्रमाणे पिठाचा तुकडा बाजूला काढण्याबद्दल कुणीतरी विचारतंच. साधारण सव्वा किलोच्या आतल्या पिठाला ते लागू होत नाही.

तिश्री या हिब्रू महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबर) सणांची रांग लागते. चारही सणांचे वर्ग घेऊ नका, सगळे दमतात. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, सफरचंद आणि मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, आणि सफरचंद किसून किंवा पातळ चकत्या करून, फोडी नकोत. शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकण्याआधी सांगायचं, "आता मोठा आवाज येणार, कान झाका." न सांगता फुंकलात तर दोन वर्षांची अर्धी मुलं रडतात आणि पुढे शिंग दिसलं की रडतात. एकच शोफार सगळ्यांच्या तोंडाला लावायचा नाही; मुलांना पुठ्ठ्याच्या नळ्या द्या. सुक्कोथला, म्हणजे मांडवांच्या सणाला, मांडवावर नारळाच्या झावळ्या आणि त्यांच्यावर उघडं आभाळ हवं, म्हणून वर दुसरी गॅलरी असलेल्या फ्लॅटच्या गॅलरीत तो होत नाही, सिनेगॉगच्या अंगणातच जायचं. कागदी साखळ्या परतीच्या पावसात लगदा होतात. आणि एथ्रोग, म्हणजे आपलं महाळुंग, लहानांच्या हाती देऊ नका. त्याचं टोक तुटलं तर ते धर्मकार्याला चालत नाही आणि आणायला महाग. वास घ्यायला लिंबू पुरतं.

हन्नुकाचा, म्हणजे आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाचा, घोळ दिशेचा आहे. दिवे उजवीकडून डावीकडे वाढवत मांडायचे आणि लावताना सगळ्यांत नवा आधी. शिकवणारा मुलांसमोर बसला की त्याची उजवी ती मुलांची डावी. शिकवणाऱ्यानं मुलांकडे पाठ करावी, दुसरा उपाय नाही. आठ रात्रींचे मिळून, मदतनीस दिवा (ज्यानं बाकीचे लावतात तो) धरून, 44 दिवे लागतात. कापूस चिकटवायचं काम करणार असाल तर मोजून आणा. या सणात खेळायच्या भोवऱ्यावरची हिब्रू अक्षरंही बघून घ्या: इथल्या भोवऱ्यावर 'शीन' असतं, 'तिथे मोठा चमत्कार झाला' म्हणून, इस्राएलहून मामानं पाठवलेल्यावर 'पे' असतं, 'इथे झाला' म्हणून. चार-पाच वर्षांची मुलं हा फरक हेरतात आणि कुणाचा खरा यावर भांडतात. दोन्ही खरे. छोटे लाकडी भोवरे तीन वर्षांखालच्यांना नकोत, ते घशात अडकतात.

तू बिशवातचा, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाचा, वर्ग मात्र आमचा स्वतःचा, बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात तो तयार मिळणार नाही. अलिबागजवळ खंडाळे गावी एलियाहू हनाबी (संदेष्टे एलिया) प्रकटले अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. तिथल्या खडकावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या मानतात आणि या सणाला लोक तिथे जातात. म्हणून वर्गात मलिदा. जाड पोहे अर्धा किलो, एक नारळ खवून, 200 ग्रॅम साखर, चमचाभर वेलदोड्याची पूड. पोहे धुवून चाळणीत पंधरा मिनिटं निथळायचे. पातळ पोहे आणलेत तर बारा जोडी हातांखाली त्यांचा चिखल होतो. बदाम-पिस्ते वेगळ्या वाटीत ठेवायचे, पालकांना विचारूनच घालायचे. खजुराच्या बिया आधी काढायच्या.

खरी गंमत फळांच्या ताटाची. झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची प्रार्थना, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. दोन टोपल्या ठेवायच्या आणि मुलांना एकेक फळ योग्य टोपलीत टाकायला सांगायचं. खजूर, सफरचंद, पेरू पटापट झाडाच्या टोपलीत जातात. केळंही तिकडेच जातं, कारण केळीचं झाड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मग सांगायचं, केळ एकदा व्याली की तो खांब तोडतात, पुन्हा कोंब जमिनीतून येतो, म्हणून केळं जमिनीच्या टोपलीत. कोकणातले आजोबा इथे मान डोलावतात, शहरातले बाबा मोबाइल काढून खात्री करतात. पोह्यांची बेराखा तिसरीच, धान्याच्या पदार्थाची. ती लहानांना सांगायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

पुरीमला, म्हणजे ज्यूंना मारायचा हामानचा कट फसल्याच्या सणाला, आपली जुनी माणसं होळीचा सण म्हणतात. दोन्ही एकाच सुमारास येतात आणि पुरणपोळीही दोन्हीकडे. गोष्टीत हामानचं नाव आलं की वाजवायचे खुळखुळे बाटलीत मूग घालून करतो, पण झाकण डिंकानं पक्कं करून वर चिकटपट्टी. नाहीतर मूग नाकात जातात, आणि नाकात गेलेला मूग फुगतो. तोंडावरचे मुखवटे नकोत, दोन वर्षांच्या मुलाला मुखवट्यातली आईसुद्धा परकी वाटते. डोक्यावर मुकुट पुरे.

पेसाह म्हणजे मिसरमधून सुटकेचा सण, सेदर म्हणजे त्या रात्रीचं विधीचं जेवण. त्याचा छोटा सेदर सगळ्यांत अवघड, कारण मोठ्यांना तो कापायचं जिवावर येतं. सेदरचे टप्पे पंधरा. लहानांसाठी सहा ठेवा: हात धुणं, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून खाणं, मॅत्सा (बिनखमिराची कडक पोळी) मोडणं, चार प्रश्नांपैकी पहिला, कडू पानाची चव, लपवलेला तुकडा शोधणं. पंचवीस मिनिटांत उरकतो. मिठाचं पाणी वाटीला एक चमचा, जास्त नाही. कडू म्हणून लेट्यूसचं पान. मॅत्साचे कडक कोपरे टाळूला टोचतात, लहानांना पाण्यात बुडवून द्या. मिसरवर आलेल्या दहा आपत्तींपैकी बेडूक घ्या आणि थांबा. थोरल्या मुलांच्या मृत्यूची खेळणी आणि मुखवटे काही ठिकाणी वाटतात. तीन वर्षांच्या मुलासमोर ते आणू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तारीख निवडतानाही बघा. सणाच्या आदल्या दिवशी मॅत्सा खात नाहीत आणि बरीच घरं या सणाचा निसान महिना लागल्यापासूनच मॅत्सा बंद करतात, म्हणजे वर्ग सणाच्या किमान दोन आठवडे आधी हवा. पुण्यात 1874 साली छापलेल्या हिब्रू-मराठी हगादात, म्हणजे सेदरला वाचायच्या पोथीत, साडी नेसलेल्या बायका मॅत्सा करतानाचं चित्र आहे. त्याची मोठी प्रत भिंतीवर लावा. मुलं मिसरच्या चित्रापेक्षा त्याकडे जास्त वेळ बघतात आणि आजी कुठली ते शोधतात.

तिशा बाआवचा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या दिवसाचा, वर्ग आम्ही घेत नाही. शोकाचा उपास या वयात शिकवण्यासारखं काही नाही. आजीनं रिवाजाप्रमाणे वालाचं बिरडं केलं तर ते खावं.

घरी जाताना प्रत्येकाला एकच कागद: एका बाजूला त्या दिवसाचं गाणं, हिब्रू शब्द देवनागरीत, ठळक आणि मोठ्या अक्षरांत, दुसऱ्या बाजूला पाककृती. हिब्रू लिपीतला कागद दिला की तो फ्रिजवर लागतो आणि कुणी वाचत नाही. शुक्रवारी इस्राएलमधल्या अशदोद किंवा दिमोनाच्या आजीला व्हिडिओ कॉल केलात तर वेळ धरून करा: उन्हाळ्यात तिथलं घड्याळ अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. आपली दिव्यांची वेळ झाली तरी तिचा स्वयंपाक चालू असतो, म्हणून कॉल दिवे लावण्याआधी, आणि गाणं तेव्हाच. तिची चाल आमच्या चालीशी जुळली नाही तर तिचीच ठेवा आणि रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या रविवारी वर्गात तीच म्हणू.