हापूसची पेटी बोरन्हाणाला

बाबा होते तोवर दर मे महिन्यात देवगडहून आंब्याची पेटी यायची. त्यातली शेवटची लाकडी पेटी मी टाकली नव्हती, डोंबिवलीच्या गॅलरीत तिच्यात कांदे ठेवत होते. लेकाचं पहिलं बोरन्हाण ठरलं आणि मनात आलं, बोरं-चुरमुरे, उसाची कांडकी, हलवा, सगळी लूट यातच भरायची.

पोरं आत हात घालणार, म्हणून आधी खिळे. आत डोकावणारी टोकं पक्कडीने ओढून काढली आणि फळ्या फेव्हिकॉल लावून व नवे बारीक खिळे मारून बसवल्या. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, नंतर २२०. दोन संध्याकाळी गेल्या. घासताना पेंढ्याचा वास येत होता.

बाळाचं झबलं काळं, म्हणून पेटी पिवळी करायची ठरवली. अ‍ॅक्रिलिकचा हात मारला. सकाळी बघते तर पेटीवरची लाल छापील अक्षरं गुलाबी होऊन वर आलेली! दुसरा हात दिला, तरी तेच. हार्डवेअरवाल्या काकांनी सांगितलं, "ताई, कितीही रंग लावा, शाई पाण्याच्या रंगात उतरतच राहणार. आधी चपडा लावा." चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवल्या की विरघळतात. गॅस बंद, दारं उघडी ठेवून हे काम करायचं. अक्षरांवर ब्रश घासायचा नाही, नाहीतर शाई पसरते; हलक्या हाताने एकदाच फिरवायचा. चपडा वाळल्यावर मात्र पिवळा रंग स्वच्छ बसला.

एका बाजूला ठळक 'देवगड' होतं. ती बाजू मी रंगवलीच नाही. नुसता चपडा दिला, लाकूड मधासारखं उजळलं.

बाकी तीन बाजूंवर काडेपेटीच्या काडीने हलव्यासारखे पांढरे ठिपके, वरच्या कडेला जुन्या इरकलीचा काठ आणि आतून धुतलेल्या सुती साडीचं अस्तर, म्हणजे खाऊ रंगाला लागत नाही. बाळ वर्षाचंही नाही, त्यामुळे हरभरे आणि बारीक बोरं घेतलीच नाहीत. लूट सुरू झाल्यावर त्याला लगेच कडेवर घ्यायचं, हेही आधीच ठरवून ठेवलं होतं.

बोरन्हाणाच्या दिवशी लेक पाटावर बसला. आईने पेटी उचलली, फिरवली, 'देवगड' त्याच्या समोर येईल अशी ठेवली आणि मग पहिली ओंजळ भरली.