बिनकेसाचं पिल्लू मुंबईत आणताना: काय विचारलं, काय तपासलं

चायनीज क्रेस्टेड ही अंगावर केस नसलेल्या छोट्या कुत्र्यांची जात. तो घ्यायचा विचार पक्का झाला, तेव्हा आम्ही आधी समजून घेतलं ते एक जनुक. खरा ब्रीडर कसा ओळखायचा, या कुत्र्यांचे दात असे का, एकाच वेतात केसाळ भावंडं कशी, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका जनुकाशी येऊन थांबतात.

जनुकाचं नाव एफओएक्सआय-३. त्यातल्या बदलामुळे या कुत्र्यांना अंगावर केस येत नाहीत, हे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं. मेक्सिकोचा शोलो आणि पेरूचा बिनकेसाचा कुत्रा यांच्यातही हाच बदल आहे. बिनकेसाच्या कुत्र्यात या जनुकाची एक प्रत बदललेली असते आणि दुसरी नेहमीसारखी. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर गर्भ पोटातच संपतो. त्यामुळे जो बिनकेसाचा क्रेस्टेड जिवंत आहे, त्याच्याकडे एक नेहमीची प्रत असतेच आणि ती साधारण निम्म्या पिल्लांकडे जाते. आई-बाप दोघेही बिनकेसाचे असतील, तर जन्मलेल्या पिल्लांपैकी सरासरी एक तृतीयांश केसाळ निघतात. त्यांना पावडरपफ म्हणतात. एक बिनकेसाचा आणि एक पावडरपफ अशी जोडी असेल तर निम्मी-निम्मी. या दुसऱ्या जोडीत एकही गर्भ या कारणाने वाया जात नाही, म्हणून जाणते ब्रीडर तीच पसंत करतात.

फोनवरचा आमचा पहिला प्रश्न यातूनच ठरला: आजवरच्या सगळ्या वेतांमध्ये मिळून पावडरपफ किती झाले? एखाद्या तीन पिल्लांच्या वेतात योगायोगाने सगळी बिनकेसाची असू शकतात. पण ‘आमच्याकडे नेहमी बिनकेसाचीच होतात’ असं कोणी सांगितलं, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो ज्या जातीची पैदास करतो तिची त्याला माहिती नाही, नाही तर केसाळ पिल्लांचं काय होतं ते तो सांगत नाही. दोन्ही बाबतींत बोलणं तिथेच थांबवावं. जो माणूस न विचारता पावडरपफ पिल्लांचे फोटो पाठवतो, ती कोणाच्या घरी गेली ते सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावं. तुम्हाला जातीचा स्वभाव आवडला असेल आणि टकलेपणाचा हट्ट नसेल, तर पावडरपफच घ्यायचा विचार जरूर करा. त्याला विंचरायला वेळ लागतो, पण दात बहुधा पूर्ण असतात आणि उन्हाची चिंता कमी.

दातांचं कारणही तेच. गर्भात केस आणि दात एकाच थरातून घडतात, त्यामुळे हे जनुक बिघडलं की दोन्हींवर परिणाम होतो. बिनकेसाच्या क्रेस्टेडला पुढच्या दाढा अनेकदा कमी असतात, सुळे बारीक आणि पुढे झुकलेले असतात, आणि मुळं उथळ असल्याने बरेच दात लवकर पडतात. हा आजार नव्हे, जातीचा भागच आहे. दात नसलेला कुत्राही मऊ जेवण व्यवस्थित खातो. मात्र हिरड्या सुजणं, पू होणं हे वेगळं. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाच्या दुधाच्या दातांवरून फारसं कळत नाही, म्हणून आम्ही आई-बापाची तोंडं उघडून पाहिली आणि किती वर्षांचे असताना किती दात पडले ते विचारलं. अमेरिकन हेअरलेस टेरिअर या दुसऱ्या बिनकेसाच्या जातीत मात्र हा बदल वेगळ्या जनुकात आहे, म्हणून त्याचे दात शाबूत असतात. तो टेरिअर आहे, अंगाने थोडा मोठा आणि धावपळीचा. छोट्या फ्लॅटमध्ये मांडीवर बसणारा जीव हवा असेल तर क्रेस्टेडच जवळचा. प्रौढ क्रेस्टेडची उंची २३ ते ३३ सेंटिमीटर आणि वजन साडेपाच किलोच्या आत असतं.

अॅलर्जीमुळे ही जात निवडणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ऐकावी. त्रास केसांनी होत नाही. तो कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असलेल्या प्रथिनांनी होतो आणि ती या कुत्र्यातही असतातच. केस गळून घरभर पसरत नाहीत एवढाच फरक. ज्याला शिंका किंवा दमा आहे, त्याने ब्रीडरच्या घरी दोन-तीनदा जाऊन कुत्र्यांबरोबर तासभर बसावं, हातावर चाटून घ्यावं, आणि मगच ठरवावं. पिल्लू आणून महिन्याभराने परत करणं त्या पिल्लावर अन्याय आहे.

आता फसवणुकीबद्दल. नेहमीच्या केसाळ पिल्लाला वस्तरा फिरवून ‘हेअरलेस’ म्हणून विकलं जातं. खऱ्या बिनकेसाच्या पिल्लाला डोक्यावर तुरा, पायांत मोज्यासारखे केस आणि शेपटीवर झुपका असतो. बाकी कातडी मऊ आणि हाताला गरम लागते. (ताप नसतो. मधे केस नसल्याने शरीराची ऊब थेट जाणवते.) उलट्या दिशेने हात फिरवल्यावर पाठ, पोट, मांड्या सगळीकडे सारखीच खरखर लागली, तर वस्तरा फिरलेला आहे. काही खऱ्या बिनकेसाच्या कुत्र्यांनाही पाठीवर विरळ केस येतात आणि मालक ते काढतात, त्यामुळे अशा वेळी सरळ विचारावं आणि दोन आठवडे न कापता पिल्लू दाखवायला सांगावं. खरूज झालेल्या पिल्लाचे केस गोलसर चट्ट्यांनी जातात, कातडी लाल, खवलेदार असते, वास येतो. शंका असेल तर डॉक्टरांकडून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. काही मिनिटांचं काम आहे.

दुसरा सापळा फोटोंचा. सुंदर पिल्लाचे फोटो येतात, अर्धी रक्कम आधी मागतात, मग ‘पिल्लू विमानतळावर अडकलंय, अजून पैसे भरा’ असा निरोप येतो. पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्र सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, त्यामुळे ‘थेट रशियाहून इम्पोर्ट’ म्हणणाऱ्याकडे आधी कागद मागावेत. या निर्बंधांचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे: मुळात दुर्मिळ असलेल्या जातीत बाहेरचं रक्त सहज येत नाही, आणि जवळच्या नात्यात जोड्या लावल्या जातात. म्हणून तीन पिढ्यांची वंशावळ मागितली आणि एकच नाव दोन्ही बाजूंना येतंय का ते बोट ठेवून पाहिलं. आजोबा दोन्हीकडून एकच असेल तर ते वेत सोडून द्यावं, पिल्लू कितीही गोड असलं तरी.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि प्रमाणपत्र जागेवर लावलेलं हवं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादीची पैदास तिच्या वयाच्या दीड वर्षाआधी आणि आठ वर्षांनंतर करता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. हे आकडे पाठ करून गेलं की बोलता बोलता बरंच कळतं. आईचं वय, हे तिचं कितवं वेत, आधीचं कधी झालं, हे तीन प्रश्न निवांत गप्पांत विचारा आणि उत्तरं एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

पिल्लू पाहायला जाताना घरीच जायचं, पार्किंगमध्ये किंवा स्टेशनबाहेर ‘आणून देतो’ हे मान्य करायचं नाही. आई दिसलीच पाहिजे. ती अंगाने भरलेली आहे का, अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात दडते का, पिल्लांजवळ शांत असते का? या जातीत भित्रेपणा पिढ्यान् पिढ्या उतरू शकतो. पिल्लं घरात माणसांमध्ये वाढत असावीत. मिक्सर, कुकरची शिट्टी, दारावरची बेल यांची सवय झालेली असली की मुंबईत सुटसुटीत जातं. फरशी थेट थंड नसावी, खाली गोधडी असावी. पिल्लाच्या मागे किल्ल्या पाडून कान टवकारतो का ते बघावं. पाठीवर खरचटल्याच्या एक-दोन खुणा चालतात, भावंडांशी खेळताना उघड्या कातडीला नखं लागतातच.

डॉक्टरी कागदांत तीन गोष्टी हव्यात. पहिली, आई-बापाच्या डोळ्यांच्या डीएनए चाचण्या: पीआरसीडी आणि आरसीडी-३ हे दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारे दोन प्रकार, आणि भिंग जागेवरून सरकण्याचा पीएलएल. पहिल्या दोन्ही आजारांत एक पालक ‘कॅरिअर’ (जनुकाची एक प्रत सदोष) आणि दुसरा ‘क्लिअर’ (दोन्ही प्रती चांगल्या) असेल तर पिल्लू त्या आजाराने आंधळं होणार नाही; दोघे कॅरिअर असतील तर प्रत्येक पिल्लाला चौथाई धोका आहे. पीएलएलमध्ये कॅरिअर कुत्र्यालाही थोडा धोका राहतो, म्हणून तिथे दोघेही क्लिअर असलेले बरे. दुसरी, गुडघ्याची वाटी. छोट्या जातींत ती जागेवरून सरकते. डॉक्टर हाताने तपासून ० ते ४ असा दर्जा देतात, आई-बापाचा दर्जा ० असावा. तिसरी, पिल्लाचं लसीचं पुस्तक, त्यावर लसीचे स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा पुरेशा नाहीत.

वयाबाबत आम्ही कायद्यापेक्षा थोडं थांबलो आणि दहा आठवड्यांनंतरच पिल्लू मागितलं. इतक्या छोट्या जीवाची रक्तातली साखर एक जेवण चुकलं तरी उतरते: पिल्लू लटपटतं, डोळे जड होतात, अंग थंड पडतं. अशा वेळी हिरडीला मध चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. पहिले काही आठवडे दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला घालावं, आणि ब्रीडर देत होता तेच. अन्न बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू. बाहेरगावाहून पिल्लू आणायचं असेल तर स्वतः गाडीने जाऊन आणा. रेल्वेची ब्रेक व्हॅन (सामानाचा डबा) किंवा मालवाहू विमान उघड्या कातडीच्या पिल्लासाठी नाही.

करारात आम्ही लिहून घेतलं: कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक, आई-बापाची केनेल क्लब ऑफ इंडियाकडची (कुत्र्यांच्या वंशावळींची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी, तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेण्याची मुभा आणि गंभीर दोष निघाल्यास रक्कम परत, आणि कधीही सांभाळता आलं नाही तर कुत्रा त्याच ब्रीडरकडे परत जाईल ही अट. शेवटची अट ब्रीडरनेच आपणहून आधी मांडली तर तो माणूस भला समजावा. पैसे बँकेतून, पावतीसह. चिप स्कॅनरने तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा आणि कागदावरचा आकडा ताडून पाहा.

घराची तयारी मुंबईच्या घरांप्रमाणे करावी लागते. खिडकीच्या ग्रिलमधून तीन महिन्यांचं पिल्लू आरामात बाहेर पडतं, त्यामुळे खालच्या दोन फुटांना तारेची जाळी बसवली. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी ते कुरतडतं. सोफ्यावरून उडी मारताना पुढचे बारीक पाय मोडतात, म्हणून पायरी ठेवायची. सोसायटीने पाळीव कुत्र्याला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही कमिटीला आधी पत्र देऊन ठेवलं की लिफ्टमध्ये वाद होत नाहीत. आणि घरातले सगळे सकाळी लोकल पकडून रात्री परतत असतील, तर कृपा करून ही जात घेऊ नका. माणसाला चिकटून राहणारा कुत्रा दहा तास एकटा राहिला की ओरडतो, स्वतःचे पाय चाटून चाटून जखमा करतो.

कातडीसाठी मुंबईची दमट हवा कोरड्या थंडीपेक्षा बरी, पण इथे चूक होते ती तेलाची. प्रेमाने खोबरेल तेल चोळलं की छिद्रं बुजतात, पाठीवर काळे ठिपके आणि मुरुम उठतात. सहा महिन्यांनंतर वयात येताना तर जास्तच. आठवड्यातून एकदा सौम्य शॅम्पू, नीट कोरडं करणं आणि अगदी पातळ, वास नसलेलं मॉइश्चरायझर पुरतं. मुरुम फोडायचे नाहीत. लोकरीतल्या लॅनोलिनने काहींना पुरळ येतं, म्हणून कपडे सुतीच. उन्हाळ्यात फिरणं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. सनस्क्रीन लागलंच तर झिंक ऑक्साइड नसलेलं, कारण कुत्रा अंग चाटतो आणि झिंक त्याला विषारी आहे. पावसात ओला कपडा अंगावर ठेवायचा नाही, बोटांच्या बेचक्या पुसायच्या. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, त्यामुळे त्या लसीबद्दल जूनच्या आधी डॉक्टरांशी बोला. गोचीड या कुत्र्यांनाही चावतात. औषधाची मात्रा वजन करूनच ठरवावी.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. तिचं प्रमाणपत्र हाती आलं की महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना ऑनलाइन काढता येतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्याच सुमारास ब्रीडरकडून केनेल क्लबच्या मालकी हस्तांतराच्या अर्जावर सही घ्या. पिल्लू घरी रुळल्यावर हे काम मागे पडतं, आणि ब्रीडरने नंबर बदलला की कागद कायमचे त्याच्याच नावावर राहतात.