तुम्ही विचारलंत म्हणून : परिषदेला जायलाच हवे का?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पीएच.डी.चे विद्यार्थी येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : ‘सर, काम चांगलं असेल तर परिषदांत ओळखी करत हिंडायचं कशाला?’ वडोदऱ्याहून दूरच्या परिषदेचा प्रवासखर्च आणि नोंदणी शुल्क भरताना शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलाची किती ओढाताण होते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून या प्रश्नाला मी वरवरचे उत्तर देत नाही.

ओळखीने संशोधन चांगले होत नाही, पण ते वाचले जाण्याची शक्यता वाढते. २०१२ साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचे न्यू ऑर्लिन्समधील अधिवेशन आयझॅक चक्रीवादळामुळे ऐनवेळी रद्द झाले. निबंध निवडून झाले होते, फक्त माणसे भेटली नाहीत. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी या निबंधांची इतर परिषदेतील निबंधांशी तुलना केली, तेव्हा सादर न झालेल्यांचा संदर्भ घेतला जाण्याची शक्यता घटल्याचे आढळले.

मात्र आमच्या सूक्ष्मजीवशास्त्रातले उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. इमान्युएल शार्पंटिये आणि जेनिफर डाउडना यांची पहिली भेट २०११ मध्ये पोर्तो रिकोतील एका परिषदेत झाली. शार्पंटिये यांच्याकडे एका रोगकारक जीवाणूतील कॅस-९ या प्रथिनाचे कोडे होते, तर डाउडना यांच्याकडे आरएनए आणि प्रथिनांचे कार्य रेणूंच्या पातळीवर उलगडण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. पुढच्याच वर्षी, कॅस-९ वापरून डीएनए हव्या त्या जागी कापता येतो हे दाखवणारा, त्यांचा संयुक्त शोधनिबंध आला आणि २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिथे एकीची अडचण आणि दुसरीचे कसब समोरासमोर आले; नुसत्या परिचयाने हे घडले नसते.

माझा अनुभव फार लहान आहे, तरी सांगतो. एका परिषदेत माझ्या पोस्टरसमोर, म्हणजे कामाचा सारांश मांडलेल्या फलकासमोर, थांबलेल्या एका ज्येष्ठ संशोधकांनी विचारले, ‘तुलनेसाठीचे नमुने वेगळ्या तापमानाला का वाढवलेत?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. परतल्यावर तीन महिने सगळे प्रयोग पुन्हा केले, निष्कर्ष बदलला, आणि तो मी त्यांना पत्राने कळवला. त्यांनी ते पत्र आपल्या दोन सहकाऱ्यांना दाखवले. माझ्या कामाचे पहिले बाहेरचे वाचक तेच.

म्हणून पैसे एकाच परिषदेपुरते असतील, तर भाषणापेक्षा पोस्टर मागा, जिथे अडला आहात तोच तक्ता त्यावर लावा, आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना आठवडाभरात पत्र लिहा.