तुम्ही विचारलंत म्हणून: मारामारीच्या खेळात कुणाचा हीरो आणायचा?

मी दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत पंपाच्या कास्टिंगची ड्रॉइंगं करतो आणि रात्री शहापुरातल्या माझ्या खोलीत मुजेनसाठी फायटर बनवतो. मुजेन हे मारामारीचे व्हिडिओ गेम बनवायचं इंजिन, 1999 साली एलेकबाइट या चमूनं फुकट दिलेलं. त्यात कुणीही आपला फायटर घडवून दुसऱ्या कुठल्याही खेळातल्या फायटरसमोर उभा करू शकतो. त्यामुळे ओळखीतली पोरं, त्यांचे मित्र, कधी त्यांचे मोठे भाऊ एकच प्रश्न घेऊन येतात. ज्याचं नाव, वंश, चेहरा, शस्त्र सगळं खेळणाराच ठरवतो, असा आरपीजीतला, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममधला, हीरो मारामारीच्या खेळात आणायचा तर कुणाचा आणायचा? स्कायरिम या आरपीजीत दहा वंश आहेत. तिथला हीरो ड्रॅगनबॉर्न; तुमचा धनुष्य घेऊन अंधारात बसतो, शेजारच्याचा दोन हातांनी हातोडा फिरवतो. खरा कोणता?

सुरुवातीला मला वाटायचं, याचं उत्तर चेहऱ्यात आहे. एका पोरानं त्याच्या हीरोचे स्क्रीनशॉट आणून दिले. मी तीन महिने बसून तसेच केस, गालावरचा तसाच व्रण, तसंच चिलखत काढलं. सव्वाशेच्या वर चित्रं झाली. प्रत्येक चित्रावर अंगाची निळी चौकट (जिथं मार लागतो) आणि वाराची लाल चौकट (जिथून मार बसतो) बसवली. त्यानं दहा मिनिटं खेळून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दादा, दिसतोय माझाच. पण मी असा खेळत नाही की."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक बघताना मला ते उमगलं. बेळगावात ही मिरवणूक रात्रभर चालते. ट्रॉलीवर खिंड उभी केलेली असते आणि मध्ये बाजीप्रभू, दोन्ही हातांत दांडपट्टे, अंगावर रक्त. तो मुलगा दरवर्षी वेगळा असतो. कधी काळा, कधी गोरा, एका वर्षी तर मिसरूडही न फुटलेला. पण गर्दीतल्या एकालाही हा कोण म्हणून विचारावं लागत नाही. बाजी खिंड सोडत नाहीत, त्यावरून ते ओळखू येतात.

म्हणून माझं उत्तर असं, की चेहरा कुठलाही घ्या, पण खेळणारा त्या हीरोकडून जे ठरवून करून घेतो ते सोडू नका. आणि खरी अडचण तिथंच आहे. बऱ्याच आरपीजींत ठरवायला वेळ फुकट मिळतो. मेनू उघडला की राक्षससुद्धा थांबतो. फायटिंग गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, पळत असतात आणि समोरचा कुणासाठी थांबत नाही.

हे कोडं सगळ्यात सुंदर सोडवलंय ते निन्टेंडोच्या स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट या मारामारीच्या खेळात, ड्रॅगन क्वेस्ट या आरपीजी मालिकेतल्या हीरोनं. तो 2019 च्या जुलैत आला. खेळाचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांच्या चमूनं एकच हीरो निवडला नाही. तिसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या भागाचे चार चेहरे दिले आणि डाव चौघांनाही तेच ठेवले. मुख्य म्हणजे त्यांनी मेनू उचलून आणला. खाली दाबून स्पेशल वाराचं बटण दाबलं की चार मंत्र समोर येतात, दरवेळी वेगळे. तुम्ही वाचत असता तेव्हा मारामारी चालूच असते. मंत्राला एमपी, म्हणजे जादूची शक्ती, लागतो, तो शंभरपर्यंतच भरतो आणि वार लागले की थोडा वाढतो. स्मॅश वार, म्हणजे जोरदार वार, आठात एकदा क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त जोरात, लागतो. स्पर्धा खेळणाऱ्या बऱ्याच जणांना हा नशिबाचा भाग खटकला. मला तो रास्त वाटतो. ड्रॅगन क्वेस्ट खेळलेल्या माणसाला, हा वार क्रिटिकल लागेल काय, म्हणून रोखलेला श्वास आठवतो. तो श्वास काढून घेतला तर मागे तलवारवाला आणखी एक पोरगा उरतो.

त्या मेनूची एक गोष्ट मला फार जवळची आहे. समोरच्यानं खेळ जपानीत लावला असेल तर मंत्रही जपानीत येतात आणि तो काय निवडतोय ते आपल्याला वाचता येत नाही. माझ्या आजीला कन्नड वाचता येत नव्हतं, तरी बसस्थानकावर खानापूरची बस ती पाटीवरच्या अक्षरांच्या वळणावरून ओळखायची आणि कधी चुकली नाही. मी तसंच केलं. 'पारुपुंते' म्हणजे काय घडेल ते कुणालाच सांगता येत नाही, 'मेगांते' म्हणजे हीरो स्वतःसकट स्फोट करतो. जपानी लिपीत दोन्हींची शेवटची दोन अक्षरं सारखी. पण पहिलं पाच अक्षरांचं, दुसरं चार. एवढं पाठ झाल्यावर मी वेळेत मागे सरायला लागलो.

फायर एम्ब्लेम या आरपीजी मालिकेतल्या रॉबिनमध्येही हीच समज दिसते. मूळ खेळात त्याचं रूप आणि नाव आपण ठरवतो, आणि शस्त्रं वापरून वापरून संपतात. 2014 च्या स्मॅशमध्ये त्याची विजेची तलवार आणि मंत्राची पुस्तकं तशीच संपतात आणि ती परत येईपर्यंत त्याला तग धरावा लागतो. ड्रॅगनबॉर्न मात्र 2021 मध्ये अल्टिमेटमध्ये 'Mii' फायटरचा, म्हणजे खेळणाऱ्यानं बनवलेल्या बाहुलीचा, पोशाख म्हणूनच आला. शिंगांचं शिरस्त्राण पाहून ओळख पटते, पण ती तिथंच थांबते.

म्हणून आता पोरं आली की मी स्क्रीनशॉट मागत नाही. एकच विचारतो, जीव संपत आला की तू काय करतोस? खानापूरहून येणाऱ्या एकानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मेनू उघडतो आणि चीज खातो. असेल नसेल तेवढं सगळं." स्कायरिममध्ये ते जमतं, मेनू उघडला की ड्रॅगनसुद्धा हवेत थांबतो.

मी त्याच्या ड्रॅगनबॉर्नला चीज दिलं. लाइफ हजार, एका चकतीमागे साठ परत. खायला पंचेचाळीस फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद, आणि तेवढा वेळ निळी चौकट पूर्ण उघडी. पहिल्या लढतीत तो खाता खाताच मार खाऊन पडला. दुसऱ्या लढतीत त्यानं आधी आरोळी मारून समोरच्याला पार कडेला ढकललं, मग पाठ फिरवली आणि खाल्लं. खुर्चीत पुढे सरकून, पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "दादा, पोत्यात किती उरलंय ते दाखव की. मी नेहमी मोजून खातो."

आज रात्री तेच काढायला बसलोय. लाइफ बारच्या खाली सोळा बाय सोळा पिक्सेलच्या पिवळ्या चकत्या. तीन ठेवल्यात.