१ लिटरचं १,००० लिटर करताना

प्रयोगशाळेत जमलेली प्रक्रिया कारखान्यात फसते तेव्हा बहुतेक वेळा रसायनशास्त्र बरोबरच असतं. आडवी येते ती भूमिती.

आकार तोच ठेवून भांडं १,००० पट मोठं केलं, तर व्यास १० पट होतो आणि पृष्ठभाग फक्त १०० पट. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला पूर्वीच्या एक दशांशच जागा उरते. बर्फात ठेवलेल्या फ्लास्कमध्ये निमूट चाललेली अभिक्रिया कारखान्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये तापते, तापली की वेग घेते आणि वेग घेतला की आणखी तापते. म्हणून मोठ्या बॅचमध्ये एक अभिकारक (अभिक्रियेत भाग घेणारा कच्चा माल) काही तास हळूहळू सोडतात, आणि तापमान मर्यादेबाहेर गेलं की फीड, म्हणजे हा सोडला जाणारा माल, आपोआप बंद होईल अशी सोय करतात. इथे एक फसगत असते. भांडं फार थंड ठेवलं तर सोडलेला माल अभिक्रिया न होता साठत जातो आणि मग सगळा एकदम उसळतो. थंड म्हणजे सुरक्षित, असं नव्हे.

ढवळण्याचंही तेच. व्यास १० पट आणि आरपीएम तोच, तर मोटारला १ लाख पट शक्ती लागेल. तेवढी मोटार कोण बसवणार! दर लिटरमागची शक्ती सारखी ठेवली, तर मिसळायला साधारण साडेचारपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात फीडच्या नळीच्या तोंडाशी माल दाट राहतो आणि नको ती उप-उत्पादनं तिथेच तयार होतात. नळी वरून न सोडता तिचं तोंड ढवळणाऱ्या पंख्याजवळ न्यावं.

मग भांड्याचा धातू. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. पण ती प्रक्रिया कारखान्यात नेताना कार्ल बॉश यांनी उभारलेल्या मोठ्या पोलादी नळ्या चालता चालता फुटल्या. प्रचंड दाबाखालचा तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खात होता. बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निघून जाईल. हाबर यांनी उत्प्रेरक म्हणून वापरलेला ऑस्मियम धातू दुर्मीळ होता. त्याजागी लोखंडाचा उत्प्रेरक आला. जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू व्हायला १९१३ उजाडलं.

उताऱ्याचा, म्हणजे कच्च्या मालातून शेवटी किती उत्पादन हाती येतं याचा हिशेब मात्र कागदावरच करता येतो: ५ पायऱ्या, प्रत्येकीचा उतारा ९० टक्के, तर हाती ५९ टक्के. प्रत्येकी ८० असेल तर जेमतेम ३३.

त्यामुळे मोठं भांडं मागवण्याआधी कारखान्याच्या अडचणी फ्लास्कमध्ये आणाव्यात. बाटलीतल्या शुद्ध रसायनाऐवजी ड्रममधला औद्योगिक माल वापरावा. त्यातल्या किंचित लोहानेही रंग बिघडू शकतो. अभिकारक ६ तास सोडून बघावा. आणि तयार झालेलं मिश्रण लगेच न गाळता रात्रभर गरमच ठेवावं, कारण फ्लास्कमध्ये १० मिनिटांत होणारी गाळणी कारखान्यात कामाची अख्खी पाळी खाते, आणि तेवढ्या वेळात माल विघटित होतो का, हे सकाळी नमुना तपासला की कळतं.